शिवलेलं पोतं

रत्नागिरीत कोरडी वस्तू कोरडी ठेवणं हेच एक काम असतं. मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकायचे, काड्यापेटी चुलीजवळ ठेवायची, पापडाचा डबा उघडला की लगेच दाबून बंद करायचा. एवढं आईनं शिकवलं. धंदा मात्र माझी मी शिकले. डोक्यावर पाटी घेऊन दारोदार सुकी मासळी विकत होते, ती ऐंशीनंतरच्या वर्षांत सोड्यांची पोती ट्रकनं कोल्हापूरला पाठवू लागले. सोडे म्हणजे सोलून उन्हात सुकवलेली कोळंबी. माझ्या वाळवणाच्या खळ्यात एकही सोडा अर्धाकच्चा पोत्यात जात नसे.

एका मार्चमध्ये हिशेबाला कोल्हापूरला गेले. घाट चढल्यावर ओठ फुटले, टाचा तडकल्या. पेठेत पोचते तर माझा व्यापारी चारचौघांत म्हणाला, "काय ओ बाई, तुम्ही लिहिलेल्या वजनापेक्षा पोतं इथं हलकं भरलंय. तिकडं पाणी मारून वजन वाढवता व्हय?"

आजूबाजूचे हसले. एकजण म्हणाला, "कोकणात पाण्याला काय तोटा!"

माझं डोकं फिरलं. तोंडात आलं ते सगळं बोलले. पण बोलण्यानं नाव धुऊन निघत नाही, हे मला ठाऊक होतं. पेठेत एकदा पाणी मारणारी ठरले असते, तर माझ्या मालाला कुणी हात लावला नसता.

बोलता बोलता त्या व्यापाऱ्याच्याच दुकानातल्या ढिगातली एक लाल मिरची उचलली. बोटात धरली तर काडकन मोडली. आमच्याकडे ह्याच दिवसांत मिरची वाकते, मोडत नाही. मी थांबले.

म्हटलं, "शेठ, ह्या मिरचीचं एक पोतं द्या. तुमच्या काट्यावर तोला, तुमच्या हातानं शिवा, वर तुमची खूण करा. मी ते उघडणार नाही."

"मिरचीचा धंदा करणार?"

"तुमचा धंदा बघणार."

पोतं एसटीच्या टपावर टाकून आणलं आणि ओटीवर फळीवर ठेवलं, छपराखाली. समुद्राचा वारा दिवसभर त्याच्या अंगावरून जायचा. येणारेजाणारे विचारत, मसाला कधी करणार? मी म्हणे, शेठ आले की.

शेठ एप्रिलात आंब्यासाठी उतरले. माझा काटा खोटा म्हणतील म्हणून त्यांच्याच ओळखीच्या दुकानदाराकडे पोतं नेलं. आधी त्यांना शिवण तपासायला लावली. त्यांनी सुतळीचा टाकान् टाका बघितला. मग पोतं काट्यावर चढलं आणि कोल्हापुरातल्या वजनापेक्षा चांगलं जड भरलं.

"शेठ," मी म्हटलं, "मिरचीला पाणी कुणी मारलं?"

दुकानदार खो खो हसला. शेठनी शिवण उसवून मिरची चाचपली. मऊ लागली. "हवा लागली की हो," ते म्हणाले.

"मग माझ्या सोड्यांना तुमच्याकडची कोरडी हवा लागत नाही?"

"हुशार हाय बाई! ठरलं, ह्यापुढं तुमच्याच खळ्यात तोलून घेतो. दरही वाढवून देतो."

दर ऐकून दुकानदारानं मला कोपरानं ढोसलं. मी आयुष्यभर आण्यासाठी भांडलेली बाई. पण मी म्हटलं, "दर राहू दे. पेठेत जिथं बोललात, तिथंच त्याच माणसांसमोर सांगा की बाईनं पाणी मारलं नव्हतं."

"आता तेवढ्यासाठी कशाला? विसरा की ताई."

"तुम्ही हे चारचौघांत बोलला होतात."

त्यांनी मान हलवली आणि विषय आंब्यावर नेला. मी पोतं त्यांच्या पायाशी ठेवलं, आणि त्यांना पुन्हा एक सोडा विकला नाही. पुढच्या हंगामात माझाच माल घेऊन मी त्याच पेठेत, त्यांच्या दुकानासमोर बसले. पहिल्याच गिऱ्हाइकाला सांगितलं, "इथं माझ्यासमोर तोलून घ्या. उद्या हलका भरला तर तुमच्या हवेला विचारा."

समोरून शेठ ऐकत होते. ते शब्द त्यांनी अजून मागे घेतलेले नाहीत. मीही विसरलेले नाही.