मागच्या सीटचा पट्टा

एका नटीच्या अपघाती मृत्यूची चौकशी सुरू झाल्यापासून आमच्याकडे जो तो न्यायाधीश झाला आहे. काल लग्नाहून परततानाही गाडीत तोच विषय.

"ब्रेकच निकामी केले असणार," गाडी चालवत दीर म्हणाले.

"छे, ड्रायव्हर प्यायलेला होता," जाऊबाईंनी निकाल दिला.

ती नटी गाडीत मागे पट्टा न लावता बसली होती, हे मात्र कुणी बोललं नाही. मारेकरी सापडला की आपण सुटलो, म्हणूनच बहुधा सगळे त्याला शोधतात.

घाट लागला. मांडीवर नात झोपली होती. मी पट्टा ओढला, पण तो अडकवायची जागा नव्या सीटकव्हरखाली गाडली गेली होती. मी कापडाखाली चाचपडू लागले.

"वहिनी, मागे कशाला हवाय पट्टा?"

पुढे वळण होतं, आणि दीर मान मागे वळवून हसत होते.