टिल्लूसाहेबांचं सातवं कलम

नरसिंह टिल्लू हे केंद्र सरकारच्या एका मंत्रालयातून अवर सचिव म्हणून निवृत्त झाले आणि फरीदाबादेत स्थायिक झाले. टिल्लू हे आडनाव असू शकतं यावर तिथल्या माणसाचा अजून विश्वास बसलेला नाही. दूधवाल्यापासून बँकवाल्यापर्यंत सगळे विचारत, “वो तो घर का नाम हुआ, असली नाम क्या है?” साहेब दर वेळी शांतपणे खुलासा करत, तोही तीन भागांत: वस्तुस्थिती, विश्लेषण आणि शिफारस.

मसुदा हा त्यांचा प्राण. लोक देवळासमोरून जाताना हात जोडतात, तसा साहेबांचा हात चुकीचं वाक्य दिसलं की आपोआप खिशातल्या पेनाकडे जाई. घरी लग्नपत्रिका आली की आधी लाल शाई, मग अहेर. लिफ्टमधली ‘लिफ्ट का दुरुपयोग न करें’ ही पाटी त्यांनी सोसायटीला काढायला लावली होती, कारण दुरुपयोगाची व्याख्या कुठे दिलेली नव्हती. त्यांची बायको वैजयंती म्हणायची, “ह्यांनी मला मागणी घातली तेव्हासुद्धा खाली ‘मंजुरीसाठी सादर’ लिहिलं असतं, पण सासरे घाईत होते.”

त्याच इमारतीत तळमजल्यावर कुमुद रणपिसे राहायच्या. त्यांचे यजमान टिल्लूंच्याच मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. ते अचानक गेले, पगाराची पेन्शन झाली, आणि मग कुमुदताईंकडे मुलं जेवायला यायला लागली. ही मुलं म्हणजे आसपासच्या कारखान्यांत लागलेले लातूर-जळगावकडचे इंजिनियर, आणि दिल्लीतल्या खोल्यांचं भाडं झेपत नाही म्हणून इथे राहून मेट्रोने क्लासला जाणारी, कलेक्टर व्हायला आलेली पोरं. सकाळ-संध्याकाळ मिळून पंचवीसेक पानं उठत. दोन फ्रिज, कणीक मळायचं यंत्र, विजेच्या तीन शेगड्या. हाताखाली पोळ्या लाटायला एक बाई.

पण याला खानावळ म्हणायचं नाही. फरीदाबादेतल्या सगळ्या मराठी घरांनी न बोलता पाळलेला तो नियम होता. “कुमुदकडे मुलं जेवायला येतात,” असं म्हणायचं. महिनाअखेरीस प्रत्येक मुलगा एक पाकीट त्यांच्या देवघरात ठेवून जाई. त्यात किती असावं हे कुमुदताईंनी कधी सांगितलं नाही आणि मुलांनी कधी विचारलं नाही. ज्याला बढती मिळाली त्याचं पाकीट आपोआप जाड व्हायचं, ज्याची परीक्षा हुकली त्याचं पातळ. कुमुदताई पाकिटं मुलांसमोर उघडत नसत. सेक्शन ऑफिसरची बायको होती ती. ताटं विकत नव्हती.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना यमुनांचल वीज वितरण कंपनीने वीज नियामक आयोगाकडे दरवाढीचा अर्ज केला.

अर्ज चारशे पानांचा होता आणि तो पूर्ण वाचणारा अख्ख्या फरीदाबादेत एकच माणूस निघाला. टिल्लूसाहेबांनी तो आठवडाभर चवीचवीने वाचला. दरवाढ तर होतीच, पण त्यापेक्षा वाईट गोष्ट आत दडवलेली होती. ज्या घरात कमाईचं कसलंही काम चालतं, त्या घराचा मीटर घरगुतीतून काढून व्यापारी दरात टाकायचा, अशी कंपनीची मागणी होती.

साहेब लगेच जिना उतरून कुमुदताईंकडे गेले. त्या वालाचं बिरडं सोलत होत्या.

“व्यापारी दर लागला तर काय होईल?” त्यांनी विचारलं.

“काय होणार? बंद,” कुमुदताई म्हणाल्या. “आत्ताच जेमतेम भागतं, टिल्लूसाहेब. निम्मी पाकिटं तर विजेतच जातात.”

“तुमचा मीटर घरगुतीच राहील. मी बघतो.”

“बिल्कुल?”

“बिल्कुल.”

आयोगाच्या जनसुनावणीला साहेब बंद गळ्याचा कोट घालून गेले. हॉलमध्ये कारखानदारांचे वकील होते, सोसायट्यांचे अध्यक्ष होते आणि फुकट सामोसा मिळतो म्हणून आलेले काही अनुभवी नागरिकही होते. प्रत्येक जण उठून “ये तो सरासर लूट है जी” एवढं बोलून बसत होता. टिल्लू उठले आणि त्यांनी पान दोनशे बारावरचा तक्ता पान तीनशे चाळीसवरच्या तक्त्याशी जुळत नाही हे दाखवून दिलं. आयोगाच्या अध्यक्षांनी पहिल्यांदाच चष्मा लावला. त्या एका वाक्यासाठी साहेब पस्तीस वर्षं नोकरी करत होते असं म्हणायला हरकत नाही.

शेवटी अध्यक्ष म्हणाले, हे भांडण वर्षभर चालेल, त्यापेक्षा कंपनीने आणि ग्राहकांनी एकत्र बसून तडजोड करावी आणि एक मसुदा आणावा. घरगुती ग्राहकांच्या वतीने कोण बसणार? सगळ्या सोसायट्यांनी एका आवाजात टिल्लूंचं नाव घेतलं. त्यात आदर होता आणि आपल्याला चारशे पानं वाचावी लागणार नाहीत हा आनंदही होता.

कंपनीतर्फे नीरज भाटिया नावाचा तरुण वकील आला. बोलायला गोड, केस जेलने चोपडलेले, आणि मसुद्याच्या बाबतीत महापातकी. त्याने तयार केलेली तडजोड साहेबांनी हातात घेतली आणि त्यांना भोवळच आली. अटी तशा वाईट नव्हत्या. दरवाढ निम्म्यावर आली होती. पण भाषा? सातव्या कलमात चक्क लिहिलं होतं की, घरात राहून केलेली छोटी-मोठी कामं घरगुतीच मानली जातील.

“छोटी-मोठी म्हणजे?” साहेबांनी विचारलं.

“सर, मतलब वही… छोटी-मोठी,” नीरज म्हणाला.

“छोटी कुठे संपते आणि मोठी कुठे सुरू होते?”

“सर, रहने दीजिए ना. ढीला है तो सबका काम चल जाएगा.”

आता शहाण्या माणसाने इथे पाणी प्यावं, सही करावी आणि घरी जावं. विरुद्ध पक्षाचा वकील स्वतः सांगतोय की ढिलं आहे, ढिलंच राहू दे, सगळ्यांचं भागेल. पण टिल्लूसाहेबांच्या लेखी ढिला मसुदा म्हणजे नाडी सुटलेला लेंगा. तो घालून आयोगासमोर उभं राहायचं? त्यांनी मसुदा बगलेत मारला आणि म्हणाले, “सोमवारी देतो.”

शनिवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर कागद पसरले गेले. वैजयंतीने दडप्या पोह्यांची बशी ठेवायला जागा शोधली, ती मिळाली नाही, म्हणून तिने बशी आठव्या कलमावर ठेवली.

“कोणकोणती कामं घरगुती, त्याची यादी करतोय,” साहेब म्हणाले. “शिकवणी. शिवणकाम. पाळणाघर. वकील, डॉक्टर, हिशेबनीस यांची घरातली बसायची जागा. पापड-लोणची. संगीताचा वर्ग.”

“आणि खानावळ,” वैजयंती म्हणाली.

साहेबांनी वर बघितलं. “ताईंना विचारायला हवं.”

“विचारायचं काय त्यात? लिहा ना सरळ.”

“सार्वजनिक दस्तऐवज आहे तो. त्या बाईंच्या अब्रूचा प्रश्न आहे.”

ते पुन्हा खाली गेले. कुमुदताईंनी पुढ्यात ताक ठेवलं. साहेबांनी फार आडवळणाने, दोन उपपरिच्छेद आणि एक अपवाद घालून विषय काढला. ऐकता ऐकता कुमुदताईंचा चेहरा आक्रसला.

“खानावळ लिहू नका हं, टिल्लूसाहेब.”

“नाव तुमचं नसेल. नुसता प्रकार.”

“या सेक्टरमध्ये तो प्रकार दुसऱ्या कोणाकडे आहे? सगळ्यांना कळेल. ह्यांच्या ऑफिसातली माणसं वाचतील. पोरीच्या सासरी कळेल. मुलं घरी येतात, मी वाढते, बस. ते काय काम आहे का?”

“नाही,” टिल्लू गंभीरपणे म्हणाले. “ते काम नाहीच.”

“मग जे काम नाही ते यादीत कशाला?”

हा युक्तिवाद साहेबांना फार आवडला. त्यात तर्क होता आणि शिवाय अदब होती. गेली कित्येक वर्षं दर गुरुवारी तेही त्या पंगतीत बसून मुगाची खिचडी खात आले होते. आपण खानावळीत जेवतो असं त्यांना एकदाही वाटलं नव्हतं. घरचं जेवण म्हणजे घरच. ते लिहायची गरजच काय? उलट लिहिलं तर शंका येईल. ताक पिऊन ते वर आले आणि खानावळ न लिहिता यादी पूर्ण केली. मग तिच्या डोक्यावर ‘छोटी-मोठी’ खोडून एक शब्द घातला: ‘केवळ’. केवळ खालील कामे. त्या शब्दाकडे ते बराच वेळ प्रेमाने बघत राहिले. कागद हाताशी होतेच म्हणून शेवटचं कलमही घट्ट केलं. ही तडजोड पाच वर्षांत ‘शक्यतो’ उकरून काढू नये असं नीरजने लिहिलं होतं. ‘शक्यतो’ला मसुद्यात जागा नसते. साहेबांनी तिथे ‘कोणत्याही परिस्थितीत’ घातलं.

सोमवारी नीरजने मसुदा वाचला. सातव्या कलमाशी थांबला, परत वाचला, आणि पहिल्यांदाच त्याचा चेहरा गंभीर झाला.

“सर, पक्का? ये लिस्ट फायनल?”

“मसुदा असा असतो, भाटियाजी. शिकून घ्या.”

“शिकतोय, सर,” तो हिंदीत म्हणाला आणि फार घाईने सही केली.

आयोगाने एकाच बैठकीत मंजुरी दिली. आदेशात ‘मसुद्याची असाधारण स्पष्टता’ असे शब्द होते. साहेबांनी ते वाक्य वैजयंतीला दोनदा वाचून दाखवलं. सोसायट्यांनी मिळून त्यांना शाल आणि पानिपतहून आणलेलं एक भलंमोठं ब्लँकेट दिलं. सत्काराला कुमुदताईंनी घरून श्रीखंड करून पाठवलं होतं.

दोन महिन्यांनी कंपनीचा तपासनीस तळमजल्यावर आला. जेवणाची वेळ होती. दाराबाहेर चपला-बुटांचा ढीग होता. तो आत येऊन अगदी सभ्यपणे उभा राहिला. “अच्छा, शादी-वादी है?” त्याने विचारलं. कारखान्यातल्या एका भाबड्या मुलाने सांगितलं, “नहीं जी, हम तो रोज खाते हैं.” तपासनिसाने फोटो काढले, पाणी मागून प्यायला आणि निघून गेला. पुढच्या बिलावर कुमुद रणपिसे यांच्या नावाखाली ग्राहकाचा प्रकार छापून आला: व्यापारी, भोजनालय.

टिल्लू कोट घालून कंपनीच्या कार्यालयात गेले. नीरजने खुर्ची दिली, चहा मागवला.

“घरचं जेवण हे घरगुतीच,” साहेब म्हणाले. “ते गृहीतच आहे.”

“सर, लिस्ट में नहीं है.”

“लिहायची गरजच नव्हती.”

“ऊपर ‘केवल’ लिखा है ना, सर. ‘केवल’ के बाद जो नहीं लिखा, वो नहीं है. आप ही ने सिखाया.” त्याच्या आवाजात कुठेही टोमणा नव्हता, तेच वाईट होतं. “मैंने तो बोला था, ढीला रहने दीजिए.”

“आपण आयोगाकडे जाऊ. दुरुस्ती मागू.”

नीरजने शेवटचं पान उलटून त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांनी वाचलं नाही. पाठ होतं. तरीही घरी येऊन त्यांनी आयोगाला अकरा पानी विनंती केली. उत्तर चार ओळींत आलं आणि त्यातही त्यांच्याच शेवटच्या कलमाचा कौतुकाने उल्लेख होता.

वैजयंतीने उत्तर वाचून टेबलावर ठेवलं. “मंत्रालयात तुमची वाक्यं कापायला वर जॉइंट सेक्रेटरी असायचा,” ती म्हणाली. “इथे कोणी नव्हतं. मी होते, पण माझं ऐकायची पद्धत नाही.”

“ताईंनीच नको म्हटलं.”

“तिने नको म्हटलं, कारण तिला लाज वाटली. तुम्ही नाही लिहिलं, कारण तुम्हाला तिची लाज फार शोभिवंत वाटली.”

ही वस्तुस्थिती झाली. विश्लेषण आणि शिफारस न करता साहेबांनी उत्तराची घडी घालून ते फाइलला लावलं.

गुरुवारी ते खाली गेले. विजेच्या शेगड्या पुसून भिंतीशी उभ्या करून ठेवल्या होत्या. मुलांपैकी कोणी नव्हतं.

“मुलांना थोडं वाढवून द्यायला सांगा ना, ताई. कोणी नाही म्हणणार नाही.”

“किती वाढवून?” कुमुदताई म्हणाल्या. “वाढवायला आधी काही ठरलेलं हवं. मी कधी आकडा सांगितला का? आता दारात उभी राहून सांगू, बाबांनो, एका ताटाचे एवढे? मग ती खानावळच झाली की. तसं आधीच लिहू दिलं असतं तर निदान वीज तरी स्वस्तात पडली असती.”

“चूक माझी आहे.”

“नाही, नाही. मी नको म्हटलं, तुम्ही लिहिलं नाहीत. चूक माझीच. तुमचा मसुदा चांगलाच होता, सगळे म्हणतात.” त्यांनी त्यांच्यापुढे वाटी ठेवली. खिचडी एकाच माणसापुरती केलेली होती, म्हणजे स्वतःपुरती, आणि ती त्यांनी साहेबांना वाढली. टिल्लूंनी ती खाल्ली. नाही म्हणणं जास्त अवघड होतं.

त्या महिन्यात मुलं पांगली. कलेक्टर होणारी दोघं गावी परत गेली. बाकीची कुठल्या कुठल्या ढाब्यांवर जेवू लागली. पोळ्यांची बाई दुसरीकडे लागली. आणि एका सकाळी टिल्लू दूध आणायला निघाले असताना सेक्टरच्या कोपऱ्यावर कुमुदताई उभ्या दिसल्या. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचं उपाहारगृह चालवणाऱ्या कंत्राटदाराने त्यांना स्वयंपाकाला ठेवलं होतं. त्याची गाडी घ्यायला येत असे. अंगात त्याच्या नावाचा निळा एप्रन होता आणि डोक्यावर जाळीची टोपी.

साहेबांना बघून त्यांनी शाल पुढे ओढून एप्रन झाकला. टोपी मात्र झाकता येईना.

“थंडी आहे आज,” टिल्लू म्हणाले.

“हो ना.”

गाडी आली. आतून ड्रायव्हर ओरडला, “ओ खानेवाली आंटी, जल्दी करो.” कुमुदताईंनी साहेबांकडे बघितलं नाही. पदर सावरत त्या चढल्या आणि मागच्या बाकावर, भाज्यांच्या पोत्यांशेजारी, अगदी ताठ बसल्या.

दुसऱ्या दिवसापासून टिल्लूसाहेब दुधाला मागच्या गेटने जाऊ लागले. तो रस्ता लांबचा आहे, खड्ड्यांचा आहे, आणि तिथल्या डेअरीतलं दूध पातळ असतं. वैजयंती ते दूध जरा जास्त वेळ उकळत ठेवते.