हात जोडल्याचा व्हिडिओ

"हाथ जोडो."

मी जोडले.

"ऐसे नहीं. नीचे बैठो, कुत्ते के पास. हां. अब इधर देखो."

मी फरशीवर बसली. लाली माझ्या मांडीशी पडून होती. तिचा मागचा पाय ट्रकच्या चाकाखाली आला होता. त्याला गुंडाळलेलं फडकं रक्तानं भिजून कडक झालं होतं. मॅडम मोबाइल धरून वाकल्या. दोन पावलं मागे गेल्या, परत पुढे आल्या. मग त्यांची नजर माझ्या पायांवर थांबली.

"चप्पल निकालो. नई दिख रही है."

नवीनच होती. मी काढली, बाकाखाली सरकवली. मॅडमनी आपल्या बुटाच्या टोकानं ती आणखी आत लोटली.

"अब बोलो, मैं बहुत गरीब हूं, ये मेरी बच्ची जैसी है, मेरी मदद करो."

मी बोलली. तीनदा बोलली. पहिल्या वेळी आवाज बारीक आला. दुसऱ्या वेळी मागे कोणाचा तरी लॅब्रॅडोर भुंकला, तो नखं कापायला आला होता. तिसऱ्या वेळी मॅडम म्हणाल्या, "परफेक्ट." मग डॉक्टरांनी लालीला उचलून आत नेलं.

मी कोहमाऱ्याच्या एका ढाब्यावर पोळ्या करते. सकाळी आठला लागते, अंधार पडायच्या बेताला सुटते. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. घरी एक पोरगी, दहावीत. अन् लाली. रस्त्याच्या कडेला सापडलेलं लाल रंगाचं पिल्लू, पोरीनंच नाव ठेवलं. ढाब्यापासून माझं घर दीड किलोमीटर, हायवेच्या कडेनं. पहिली दोन वर्षं मी त्या दीड किलोमीटरात काय काय ऐकलं ते लिहिणार नाही. गाडी हळू करायचे, काच खाली करायचे. लाली मोठी झाली, माझ्या पुढे चालायला लागली, तेव्हापासून गाडी हळू होत नाही. मला कुत्रा पाळायचा शौक नव्हता. मला घरी पोचायचं होतं.

त्या दिवशी दुपारी एक ट्रक मागे घेताना ड्रायव्हरला ती दिसली नाही. तालुक्याच्या जनावरांच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर होते, चांगले होते. त्यांनी सुई दिली, पाय बांधला अन् खरं ते सांगितलं. "बाई, हाड आतून तुटलं आहे. इथं एक्स-रे नाही, ऑपरेशनचं टेबल नाही. गोंदियाले न्या. आजच न्या." ढाब्यावर नेहमी येणाऱ्या एका टेम्पोवाल्यानं आम्हाला गोंदियाला खासगी दवाखान्यात आणून सोडलं.

तिथं काउंटरवरच्या पोरीनं खर्च सांगितला. माझी दोन महिन्यांची मजुरी. अर्धे आधी भरा म्हणाली. माझ्याजवळ त्यातलेही अर्धे नव्हते. पोरगी वाईट नव्हती. ती म्हणाली, "थांबा, मॅडमले फोन लावतो. त्यांचा ग्रुप आहे, गरिबांच्या जनावरांले मदत करते." तासाभरात मॅडम आल्या, मोठ्या गाडीतून. लालीकडे पाहून त्यांना खरंच वाईट वाटलं, तेही सांगते. डोक्यावरून हात फिरवला तिच्या. माझ्याकडे पाहिलं ते नंतर, मोबाइलमधून.

लाली वाचली. पायात सळी घातली. ते पैसे त्या व्हिडिओनं आणले, मी नाकारत नाही.

चार दिवसांनी पोरगी शाळेतून आली. दप्तर ठेवलं नाही, खांद्यावरच होतं. वर्गातल्या पोट्ट्यांच्या मोबाइलवर व्हिडिओ फिरून राहिला होता. तिनं मला दाखवला. खाली लोकांनी लिहिलं होतं. 'खाने को नहीं और कुत्ता पालेंगे.' 'पोसायची ऐपत नाही तर पाळता कायले?' एकानं लिहिलं होतं, 'इन लोगों को मांगने की आदत है.' इन लोगों को. माझं आडनाव त्यांना कोणी सांगितलं? मॅडमनी सांगितलं होतं. व्हिडिओखाली माझं पूर्ण नाव होतं, गावाचं नाव होतं. त्यांचं फक्त ग्रुपचं चिन्ह होतं.

मला वाटलं पोरगी रडेल. रडली नाही. व्हिडिओ थांबवला अन् पडद्यावर बोट ठेवलं.

"आई, मागं खुर्ची रिकामी होती ना. तू खाली कायले बसली?"

मी भात टाकला. ती जेवली नाही, मीही नाही.

माझा आजा सौंदडकडचा. गावातल्या मोठ्या शेतकऱ्याच्या घरासमोरून जायचं तर चप्पल काढून हातात घ्यायची, असा तिथं रिवाज. नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला अन् दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यानं चप्पल घालून गेला. मार खाल्ला. तिसऱ्या दिवशी परत गेला. हे माझ्या बापानं मला इतक्या वेळा सांगितलं की मला कंटाळा यायचा. अन् मी? मला कोणी मारलं नव्हतं. एका बाईनं हळू आवाजात सांगितलं अन् मी काढली. वरून तिला धन्यवाद म्हटलं.

ते दिवस वाईट गेले. पोळी लाटताना हात थांबायचे. ढाब्यावर कोणी मोबाइल काढला की पाठ फिरवायची. एक ड्रायव्हर म्हणाला, "अरे, वो व्हिडिओवाली बाई!" अन् टेबलावर पन्नासची नोट ठेवून गेला. मी ती नोट त्याच्या मागे धावत जाऊन परत दिली. तो हसला. त्याला कळलंच नाही मी कायले धावली.

मग मॅडमचा फोन. गोंदियाला एका लॉनवर ग्रुपचा कार्यक्रम होता. लालीला घेऊन या म्हणाल्या. "और सुनो, वही साडी पहनना, व्हिडिओवाली." मी म्हटलं, कामावर सुट्टी नाही. खोटं बोलली. सरळ नाही म्हणायची हिंमत तेव्हा झाली नाही.

ती हिंमत झाली लालीच्या पायाची तपासणी होती त्या दिवशी. रोवण्याचे, भाताची रोपं लावायचे दिवस होते. सकाळी अकराच्या सुमाराला मी लालीला घेऊन दवाखान्यात बसली होती, या वेळी खुर्चीवर. एक म्हातारा आत आला. मडावीबाबा, नवेगावकडच्या जंगलाला लागून असलेल्या गावचे. दोन हातांवर कुत्रा. कुत्र्याचं पोट रानडुकरानं फाडलं होतं. बाबांनी ओल्या गमछ्यात पोट बांधून आणलं होतं. गमछ्याखालून काय बाहेर आलं होतं ते दिसत होतं.

काउंटरवरच्या पोरीनं त्यांनाही खर्च सांगितला. त्यांनाही थांबा म्हणाली. मॅडम आल्या.

"बाबा, गमछा हटाओ. घाव दिखना चाहिए. नीचे बैठ जाओ. हाथ जोडो."

बाबांचे गुडघे वाकत नव्हते. भिंतीला धरून ते खाली बसायला लागले. अर्धे बसले, अर्धे उभे. त्यांचे दोन्ही हात एकमेकांजवळ येत होते. मला माझी पोरगी आठवली. तिचं बोट.

मी उठली. मॅडमच्या मोबाइलसमोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, उठा. खुर्चीवर बसा."

"तुम हटो," मॅडम म्हणाल्या. "तुम्हारे कुत्ते का किसने कराया? भूल गई?"

"भुलली नाही मॅडम. तुमी केलं. मी जनमभर म्हणीन, तुमी केलं. पण या बाबाचा फोटो काढू नका. द्यायचं असन तं तसंच द्या."

"बिना व्हिडिओ के कोई एक रुपया नहीं देता. समझती हो कुछ?"

"मंग मले जमिनीवर कायले बसवलं? खुर्चीवर बसली असती तं लाली कमी मरून राहिली होती का?"

मॅडमचा चेहरा लाल झाला. मोबाइल पर्समध्ये गेला.

"ठीक है. तो अब तुम ही भर दो."

अन् त्या निघून गेल्या. दार बंद झालं.

मला वाटलं होतं बाबा काहीतरी चांगलं बोलतील. ते माझ्याकडे पाहून राहिले होते. डोळ्यांत राग.

"काय केलं वं बाई तू हे? हात माहे होते. मी जोडले असते. तुहं काय जात होतं?"

हे मी आजपर्यंत विसरली नाही. बरोबर होतं त्यांचं. इज्जत मी माझी मोजली अन् किंमत त्यांच्या कुत्र्याच्या पोटातून जाऊन राहिली होती.

मी डॉक्टरांकडे गेली. म्हटलं, सुरू करा, कागद माझ्या नावानं लिहा. डॉक्टर तरुण माणूस. त्यांनी सलाइन लावलं, वेदनेची सुई दिली. पण ऑपरेशनला थांबले. "ताई, भूल, धागा, औषध, सगळं मला विकत आणावं लागतं. दोनदा असंच उधारीवर करून बसलो आहे. काहीतरी भरा, मी लगेच घेतो."

मी आमच्या बचत गटाच्या विमलताईला फोन लावला. लागला नाही. ती रोवण्यावर होती, मोबाइल बांधावर पिशवीत. दुसरीला लावला, तीही चिखलात. वीस फोन केले असतील. सलाइन थेंब थेंब पडत होतं. बाबा कुत्र्याच्या कानात गोंडीत काहीतरी बोलत होते. तासानं विमलताईचा फोन आला.

"गटाचा पैसा कुत्र्यासाठी? बायका काय म्हणतीन?"

"विचार त्यायले. आत्ता विचार."

तिनं स्पीकर लावला. मागून पाण्यात पाय वाजत होते. कोणी हसलं. मग शांता नावाच्या बाईचा आवाज आला. ती कधी बैठकीत बोलत नाही. "माही बकरी पोटात पिल्लू अडकून मेली, तवा मी कोणाले विचारलं नाही. लाज वाटली. देऊन टाका."

पैसे आले. ऑपरेशन झालं. कुत्रा तिसऱ्या दिवशी मेला.

डॉक्टर म्हणाले, जखम घाण झाली होती, आधी आला असता तरी सांगता आलं नसतं. मला बरं वाटावं म्हणून म्हणाले की खरंच, मला माहीत नाही. तो एक तास माझ्या डोक्यातून जात नाही. पोळी लाटताना येतो, हायवेवर चालताना येतो. मॅडमचा व्हिडिओ दहा मिनिटांत झाला असता.

पंधरा दिवसांनी मडावीबाबा ढाब्यावर आले. मी चुलीपुढून उठली. वाटलं शिव्या देतील. त्यांनी पाणी मागितलं, प्यायले.

"तू चूक बोलली नाही," ते म्हणाले. "पण पुढच्या खेपेले आधी पैसा काढून ठेव. मंग इज्जतीचं बोल."

तेवढंच बोलले. माफ केलं असं म्हणाले नाहीत. मी विचारलंही नाही.

मी त्याच आठवड्यात बायकांना बोलावलं, विहारासमोर. ज्यांच्या घरी बकरी आहे, कुत्रा आहे, मांजर आहे, सगळ्यांना. शांता सगळ्यांत आधी आली. ठरवलं ते असं. जनावरांसाठी पैशांचा वेगळा डबा. पैसा आधीपासून गोंदियाच्या डॉक्टरांकडे जमा, म्हणजे फोन लागायची वाट पाहावी लागणार नाही. कोणाचा फोटो नाही. कोणाला कारण विचारायचं नाही. जंगलाकडच्या गावांतल्यांनाही तो डबा लागू. एका बाईनं विचारलं, "मडावीबाबा तं आपल्यातले नाही." विमलताई म्हणाली, "मंग कोणातले आहेत?" विषय संपला.

पण मी त्यावर थांबली नाही. डबा कधीही रिकामा होईल. शांताची बकरी गोंदियापर्यंत पोचलीच नसती. तालुक्याच्या दवाखान्यात एक्स-रे का नाही? ऑपरेशनचं टेबल का नाही? आम्ही अर्ज घेऊन तालुक्याच्या पशुसंवर्धन ऑफिसात गेलो. साहेबानं उभ्या उभ्या वाचला. म्हणाला, "कुत्र्या-बकऱ्यांसाठी एक्स-रे? आधी माणसांचं बघा." अर्ज घेतला नाही. आमच्यातल्या दोघी घरी येऊन म्हणाल्या, पुन्हा येणार नाही. सतरा उरल्या. बाबांकडे अर्ज घेऊन मी स्वतः गेली. त्यांनी पूर्ण ऐकलं, दोनदा वाचून घेतलं, मग अंगठा दिला.

येत्या सोमवारी परत जाणार. काल पोरगी नवा अर्ज लिहायला बसली. अक्षर तिचं चांगलं. वर तिनं लिहिलं, 'विनंती अर्ज.' खाली, 'आपण कृपा करून...'

"हे खोड," मी म्हटलं.

"असंच लिहितात, आई. शाळेत शिकवलं."

"माहीत आहे. खोड. नाहीतर नवा कागद घे. वर लिही, मागणी. कृपा कुठंच नको. खाली लिही, पोच द्या. पोच मिळाल्याशिवाय आम्ही जाणार नाही, हेही लिही."

तिनं नवा कागद घेतला. एक ओळ लिहून थांबली.

"अन् साहेब चिडला तं?"

"चिडू दे. मंगळवारी परत जाऊ."