सुगम म्हणजे काय

जोरात की हळू? खरं सांगा, हे तुम्हाला आजवर कुणी विचारलंय का? नवऱ्यानं, डॉक्टरनं, मैत्रिणीनं, कुणीही? प्रश्न बायकांना आहे. पुरुषांनी लगेच मान डोलवू नये, तुमचं उत्तर अजून कुणी मागितलेलं नाही.

हेमावतीला हा प्रश्न चव्वेचाळिसाव्या वर्षी विचारला गेला, तोही एका मशीननं.

साल चौऱ्याऐंशी. मद्रासजवळ अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत नारायणस्वामी नावाच्या गृहस्थांची एक शेड होती. तिथं कंबरेचं मशीन बनायचं. मुठीत मावेल एवढी मोटार, पुढं रबराचं डोकं. प्लग लावला की थरथरायचं आणि दुखऱ्या कंबरेला आराम द्यायचं. चार डोकी बदलून लावता येत: एक चपटं, एक गोळा, एक बोटांसारखं आणि एक मऊ वाटी. वेग दोन. खोक्यावर कंबरेवर हात ठेवून वाकलेल्या एका मिशीवाल्या माणसाचं चित्र.

हेमावती चाचणीच्या टेबलावर बसायची. मशीन चालू करायचं, डोळे मिटायचे आणि ते हनुवटीच्या हाडाला टेकवायचं. आतला आस केसभर जरी वाकडा असला तरी तिला दातांत कळायचं. ही पद्धत तिला कुणी शिकवली नव्हती. मीटर घेऊन इंजिनियर यायचे, आकडे लिहायचे आणि शेवटी तिच्याकडंच बघायचे. "अक्का, पास?" अक्कानं डोळे उघडून मान हलवली की मशीन खोक्यात.

ती तंजावरच्या मराठी घरातली. दहावीपर्यंत शिकलेली, ताठ कण्याची, जिभेला धार असलेली. नवरा व्यासराज मद्रासच्या नुंगंबाक्कम भागात एका कचेरीत कारकून. घरात बोलायचे ती मराठी तीनशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून निघाली आणि तमिळ देशात वाढली. "मला कॉफी होणें," हेमावती म्हणायची, म्हणजे कॉफी पाहिजे. हे ऐकून पुण्याहून नव्यानं आलेला इंजिनियर अशोक हसू दाबायचा. तिला ते दिसायचं. तिनं मनात लिहून ठेवलं होतं.

बॉडीवर ओरखडा गेलेली मशीनं कामगारांना घरी नेऊ देत. तिची कंबर खरंच दुखायची, म्हणून तिनंही एक नेलं. एका रविवारी दुपारी घरात कुणी नव्हतं. ती चटईवर पालथी पडून कंबरेवर मशीन फिरवत होती. मग कूस बदलली. मशीन घसरून मांडीवर आलं, साडीच्या निऱ्यांवरून आणखी थोडं सरकलं, आणि तिनं ते बाजूला केलं नाही. वेग हळू होता, डोकं वाटीचं होतं.

पाच मिनिटांनी हेमावती छताकडं बघत पडली होती. पायाच्या अंगठ्यापर्यंत झिणझिण्या, छातीत ढोल, आणि ओठांवर हसू, जे आवरेना.

मग तिला राग आला. दोन बाळंतपणं झाली, बावीस वर्षांचा संसार झाला, आणि हे अंगात आहे हे एकानंही सांगू नये? आईनं न्हाणीघरात केस कसे बांधायचे हे शिकवलं. सासूनं रसम किती वेळ उकळायचं हे शिकवलं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या कधी घ्यायच्या ते शिकवलं. हा एवढासा दाणा, बाहेरच असतो, हाताला लागतो, आणि त्याच्याबद्दल सगळ्यांची दातखीळ बसलेली.

सोमवारी डबा खाताना तिनं शेजारच्या टेबलावरच्या कुमुदिनीला हळूच सांगितलं. कुमुदिनी तिच्याहून दहा वर्षांनी लहान, मोटारीला तारा जोडायची.

"अक्का, तुला आत्ता कळलं?" कुमुदिनीनं ताकभात तसाच ठेवला. "मला वाटलं, तू रोज हनुवटीला लावतेस, तर कधीच खाली उतरली असशील."

"तोंड सांभाळ."

"सांभाळते. पण सांग, कुठलं डोकं?"

"वाटी."

"छे. गोळा. घडी घातलेल्या टॉवेलवरून."

"टॉवेलवरून कशाला?"

"थेट लावलं तर झोंबतं ना. तुझं काय चामडं आहे काय?"

दोघी इतक्या हसल्या की पॅकिंगवाल्या कृष्णवेणीनं मान वर करून विचारलं, काय झालं. तिला सांगावं लागलं. ती गंभीरपणे म्हणाली, "मला शेवटी जोराचा वेग लागतो. पण सुरुवातीला नाही. सुरुवातीला जोराचा लावला की सगळं बधिर."

हेमावतीनं डब्याचं झाकण लावलं. तिच्या डोक्यात दिवा लागला होता. ती चाचणीवाली बाई. दोन मशीनं दोन तऱ्हेनं थरथरतात म्हणजे काय हे आख्ख्या अंबत्तूरमध्ये तिच्याइतकं कुणाला कळणार? त्याच आठवड्यात तिनं एक जुनं चाचणीचं रजिस्टर घेतलं, उलट बाजूनं उघडलं आणि रकाने आखले. डोकं. वेग. थेट की कापडावरून. सलग की थांबून थांबून. किती वेळ. शेवटचा रकाना: कसं वाटलं. वर शीर्षक घातलं, "कंबर". कुणी उघडून बघितलंच तर कंबर.

शेडमधल्या अकरा बायकांपैकी सात जणी लिहू लागल्या. काही जणी तमिळमधून, एक तेलुगूतून, हेमावती मराठीतून. आणि काय एकेक निघत होतं. चपटं डोकं सगळीकडं पसरतं, ऊन अंगावर घेतल्यासारखं, पण टोकाला नेत नाही. गोळा एकाच जागी रुततो, ज्यांना नेमकी जागा ठाऊक आहे त्यांनाच तो कामाचा. बोटांच्या डोक्यानं नुसत्या गुदगुल्या, सहाव्या ओळीनंतर त्याला कुणी विचारलंच नाही. वाटी काठानं सगळ्या बाजूंनी धरते, किंचित ओढते, आणि मधल्या जागेला नुसता कंप पोचतो, दाब नाही. जोराच्या वेगात एक मिनिट मजा, मग मुंग्या. हळू वेगात वेळ लागतो, पण लाट लांबून येते आणि मोठी येते. मध्येच उचलून घ्यायचं, दहा आकडे मोजायचे, पुन्हा टेकवायचं: हा शोध कुमुदिनीचा, आणि ती तो शोध लागल्याच्या दुसऱ्या दिवशी कामावर गाणं गुणगुणत आली.

एकीनं लिहिलं, नवऱ्याबरोबर असताना आत बरं वाटतं, पण बाहेर काही झाल्याशिवाय पूर्ण होत नाही. त्याखाली चौघींनी "मला पण" लिहिलं. त्या पानाकडं हेमावती बराच वेळ बघत बसली. म्हणजे बिघाड तिच्यात नव्हता. बावीस वर्षं तिनं स्वतःला नापास केलं होतं आणि खरं तर मशीनच चुकीच्या जागी टेकवलेलं होतं.

पहिल्या पानावर तिनं मोठ्या अक्षरांत लिहिलं: ओल्या हातानं नाही, ओल्या अंगानं नाही, हे विजेवर चालतं. डोकं साबणानं धुवायचं, एकीचं दुसरीनं वापरायचं नाही. आणि आत काहीही घालायचं नाही, हे त्यासाठी केलेलं नाही. एकीला जे आवडलं ते दुसरीला आवडेलच असं नाही, तेव्हा भांडायचं नाही.

मशीनबरोबर खोक्यात एक तमिळ कार्ड जायचं. गिऱ्हाइकानं भरून टपालानं परत पाठवायचं. कुठे दुखतं, कुठला वेग वापरता, काही सांगायचं आहे का, असे तीन प्रश्न. अशोकला तमिळ वाचता येत नव्हतं, आणि मराठी ऐकायला तो आसुसलेला असायचा. म्हणून दर शनिवारी हेमावती कार्डांचा गठ्ठा घेऊन त्याच्यासमोर बसायची आणि मराठीतून सांगायची, तो टिपून घ्यायचा.

"ही बाई म्हणते, हळू ठेवलं की सुगम."

"सुगम," अशोक लिहायचा.

"ही पण म्हणते, वाटी लावून हळू, फार सुगम."

"वा."

असं तीन महिने चाललं. मग एका बुधवारी सकाळी तिच्या टेबलावर नवा नमुना आला. एकच बटण. एकच डोकं, चपटं, पक्कं बसवलेलं. तिनं हनुवटीला लावलं आणि दात वाजले.

"हे काय आहे?"

अशोक खुशीत होता. "नवं मॉडेल. आज दुपारी साहेब साच्याच्या कागदावर सही करणार. दुसरा वेग काढला, डोकी काढली. तुमच्यामुळंच सुचलं, बाई."

"माझ्यामुळं?"

"तुम्हीच सांगत होतात ना, बायकांना सुगम पाहिजे. मग म्हटलं, एक बटण दाबा, झालं. याहून सुगम काय असणार?"

हेमावतीनं मशीन खाली ठेवलं. "सुगम म्हणजे काय?"

"म्हणजे सोपं. सुगम. चालवायला सोपं."

हा शब्द तिच्या आजीच्या तोंडात होता, आईच्या तोंडात होता. तिला तो मराठीच वाटायचा. आपल्या घरात तो केव्हातरी तमिळमधून शिरला आणि पाट टाकून बसला हे तिला त्या क्षणी कळलं. तमिळमध्ये सुगम म्हणजे सुख. अंगाचं सुख. या पुण्याच्या माणसाला ती तीन महिने सांगत होती की बायकांना सुख होतं, आणि तो लिहीत होता की बटण सोपं आहे. शेकडो बायकांचा तो हळू वेग तिच्याच जिभेनं कापला जाणार होता. साचा एकदा झाला की झाला, नारायणस्वामी दहा वर्षं तो बदलणार नव्हते.

तिनं कार्डांचा गठ्ठा उचलला, रजिस्टर उचललं, आणि अशोकच्या शर्टाची बाही धरून त्याला केबिनमध्ये नेलं.

नारायणस्वामी भस्म लावलेले, मोजकं बोलणारे गृहस्थ. समोर साच्याचा कागद, हातात पेन.

"सार, सही करू नका," ती तमिळमध्ये म्हणाली. "कार्डांवर सुगम लिहिलंय. तुम्ही त्याचा काय अर्थ घेतला?"

"एन्नम्मा, हा काय प्रश्न? सुगम म्हणजे बरं झालं. दुखणं गेलं."

हेमावतीला हसू की रडू कळेना. एकाला सोपं वाटलं, एकाला बरं वाटलं. बायकांना जे वाटलं ते कुणालाच वाटलं नाही.

तिनं एकेक कार्ड टेबलावर मांडलं. "पहिला प्रश्न बघा. कुठे दुखतं? रेघ मारलीय. हिनं पण रेघ. हिनं लिहिलंय, दुखत नाही. दुखत नाही तर मशीन कशाला घेतलं, सार? आणि रेघ मारणाऱ्या सगळ्याजणी हळू वेग लिहितात. सगळ्याजणी वाटी लिहितात. सगळ्याजणी सुगम लिहितात."

पंखा फिरत होता. अशोकला तमिळ थोडंच कळायचं, पण त्याचे कान लाल होऊ लागले.

"कंबरेच्या जरा खाली, सार. पुढच्या बाजूला," हेमावती म्हणाली. "मी माझ्यावरच तपासलंय. हे रजिस्टर. मी पास म्हटलेलं एकतरी मशीन आजवर परत आलंय का? मग ऐका. हळू वेग आणि वाटी पास. हे नवं नापास. मला कामावरून काढायचं तर काढा, पण सही करण्याआधी वाचा."

नारायणस्वामींनी रजिस्टर उघडलं. तमिळमधल्या चार ओळी वाचल्या. चष्मा काढला, धोतराच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला, आणखी दोन पानं वाचली. मग रजिस्टर अलगद मिटलं, देवाची पोथी मिटावी तसं.

"घरी एक मशीन आहे," ते खिडकीकडं बघत म्हणाले. "दोन वर्षं झाली. मी वेग वाढवायला गेलो की बायको हातावर मारते. मला वाटायचं, विजेचं बिल वाचवते."

कुणी हसलं नाही. हसू गिळायला हेमावतीला सगळं बळ लागलं.

"सरि, बरं," ते म्हणाले, आणि साच्याच्या कागदावर आडवी रेघ मारली. "दोन वेग. वाटी. बाकी डोक्यांचं तुम्हीच ठरवा. खोक्यावर मात्र कंबरच."

"कंबरच," ती म्हणाली. "पण कार्ड बदलायचं."

बाहेर आल्यावर अशोक खालमानेनं म्हणाला, "बाई, मी शब्दाचा अर्थ विचारायला हवा होता."

"मी पण सांगायला हवा होता. आता एक कर. मला कॉफी होणें."

तो धावत गेला. या वेळी हसला नाही.

संध्याकाळी घरी तिनं व्यासराजांना सगळं सांगितलं, रजिस्टरसकट. ते खुर्चीत बसून ऐकत राहिले. त्यांचा चेहरा पडला. "इतकी वर्षं मला काही जमलंच नाही म्हणायचं."

"तुम्ही विचारलं नाही. मी बोलले नाही. दोघंही नापास."

ते थोडा वेळ बोटांनी खुर्चीचा हात घासत होते. मग कारकुनानं अर्ज पुढं करावा तितक्या अदबीनं त्यांनी विचारलं, "बरं, मग हळू?"

बावीस वर्षांतला तो पहिला प्रश्न. हेमावतीनं दार लावून घेतलं.

पुढच्या महिन्यात कार्ड बदललं. "कुठे दुखतं" गेलं. तिथं आलं, "कसं वाटतं?" आणि खाली एका शब्दापुरती नाही, चांगली सहा ओळींची जागा. ती जागा हेमावतीनं स्वतः पट्टी घेऊन मोजून घेतली होती.

तशीच सहा ओळींची जागा आज तुमच्या वहीत सोडा. कुठे, कशानं, किती हळू, किती वेळ, ते तुमच्या शब्दांत लिहा आणि ज्याला किंवा जिला कळायला हवं त्याच्या किंवा तिच्या हातात द्या. फक्त एक करा, "ठीक आहे" एवढंच लिहू नका.