हँडब्रेकऐवजी ठोकळा

मुलांनो, आजोबांची फियाट उद्या भंगारात जाणार आहे, म्हणून तिच्या मेकॅनिकविषयी आजच लिहिते.

या मेकॅनिकच्या कोथरूडमधल्या गॅरेजात नव्या गाड्या येत नसत. त्या थेट कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जात. बोटाने ब्रेकचा ड्रम ठोकायचा, कान लावायचा आणि "बघू" म्हणायचे, ही त्यांची रीत. तुमच्या बाबांनी मागच्या चाकांना जुन्या ड्रम ब्रेकऐवजी डिस्क ब्रेक बसवायला सांगितले, तेव्हा मात्र ते म्हणाले, "काकू, हे जमलं तर गॅरेज चालेल."

तीन आठवडे खपून त्यांनी दुसऱ्या गाडीचे डिस्क ब्रेक बसवले. त्यांत हँडब्रेकची सोयच नव्हती. आमच्या उतारावर उभी केलेली गाडी घरंगळत फाटकावर आदळली.

"दुरुस्त केलंत की मोकळं केलंत?" आजोबांनी विचारले.

"ड्रममध्ये हँडब्रेक असतोच हो," ते हळूच म्हणाले. "डिस्कला तो वेगळा बघायचा असतो, हे सुचलंच नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी रंधा मारलेला लाकडी ठोकळा आणला, चाकाखाली सारला आणि गाडी हलत नाही ना, हे ढकलून पाहिले. दोन महिन्यांत गॅरेजच्या जागी कॉम्प्युटर क्लास आला. ते कुठे गेले, कुणालाच सांगता आले नाही.

तो ठोकळा मी ठेवून घेतला आहे.