मांजरीचं पथ्य

आमच्या मांजरीला साखरेचा आजार आहे हे मला मुंग्यांनी सांगितलं. मागच्या पत्र्याखाली ती मुतायची, त्या जागी मुंग्यांची रांग लागली होती. तसली रांग मी आधी एकदा पाहिली होती, न्हाणीघरात, आईच्या दुखण्यात. आई त्याच आजाराने गेली, त्याला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. मांजरी तिची. घरात मी आणि बाबा दोघंच उरलो होतो, आणि बाबा माझ्यापेक्षा मांजरीशी जास्त बोलत.

मी पालघरहून बोईसरला एका कारखान्याच्या ऑफिसात टायपिंगला जायचे. अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि मांजरीला पिशवीत घालून गुरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर आधी हसले. "बाई, इथे म्हशी येतात, बैल येतात. मांजरीची शुगर घेऊन आलेल्या तुम्ही पहिल्याच." पण माणूस चांगला होता. तिचे लटपटणारे मागचे पाय त्यांनी नीट पाहिले. काय खाते ते विचारलं. दूधभात, दोन्ही वेळा, वर साय. "भात बंद, दूध बंद," ते म्हणाले. "नुसती मासळी द्या. पाळलंत तर जगेल. नाही तर दोन-तीन महिने."

आता आली का पंचाईत! सातपाटी इतकी जवळ, अर्धं पालघर तिथली मासळी खातं, पण आमच्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा शिजत नसे. बाबा सरळ नाही म्हणतील असं मला वाटलं होतं. ते थोडा वेळ पंचांग चाळत बसले, त्यात काय बघत होते देव जाणे, आणि म्हणाले, "स्वयंपाकघरात नको. मागे स्टो लाव. आणि तुळशीला आडोसा कर." मी तुळशीपुढे जुना पाट उभा केला.

रोज सकाळी आमच्या गल्लीत सातपाटीची एक मावशी मासळीची टोपली घेऊन यायची. आमच्या दारासमोर ती ओरडतसुद्धा नसे. मी हाक मारली तर तिने मागे वळून पाहिलं, दुसऱ्या कुणाला तर नाही ना. मांजरीसाठी हवंय म्हटल्यावर खो खो हसली. "बोंबील ने बाय. काटा मऊ, तिच्या घशाला लागनार नाय."

मी बोंबील उकडले. मांजरीने वास घेतला, माझ्याकडे तुच्छतेने एक नजर टाकली आणि निघून गेली. जन्मभर दूधभातावर वाढलेली, मासा हे अन्न आहे हेच तिला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशीही तेच. बाबा नाकाला पंचा लावून तिच्यासमोर उकिडवे बसत आणि "खा गं माझे बाई, खा" म्हणत. तिसऱ्या दिवशी ते हळूच दुधाचं पातेलं काढताना दिसले. मी पातेलं हिसकावलं. "मारायचंय का तिला?" मी ओरडले. बाबांचे डोळे भरून आले, आणि मला माझीच लाज वाटली.

मग मला सुचलं. आमची आमटीची वाटी ती नेहमी चाटायची. म्हणून मी बोंबलांची आमटीच केली. फोडणी, आमसूल, गोडा मसाला, सगळं. डाळ आणि भात तेवढा नाही. बाईसाहेबांनी ताटली चाटूनपुसून लख्ख केली. बाबा त्या दिवशी चार घास जास्त जेवले.

पण साखर हटेना. आईचं तपासणीचं सामान कपाटात होतंच. निळं औषध नळीत घ्यायचं, लघवीचे आठ थेंब टाकायचे, उकळायचं. निळं राहिलं तर बरं, विटकरी झालं तर साखर भरपूर. मांजरीचे थेंब मिळवायला धुतलेल्या खडीचा ट्रे ठेवायचा आणि पाळत ठेवायची. ते सोपं नव्हतं. रंग रोज विटकरी. मी शेजारणींना दम भरला, मांजरीला घरात कोंडलं. बाबांवरही पहारा ठेवला. "मी काही दिलं नाही गं," ते म्हणत. माझा विश्वास नव्हता.

एका रविवारी मावशी टोपली घेऊन थेट मागच्या अंगणात आली. मी स्टोजवळ बसले होते. ती बघत राहिली.

"ते काय टाकलंस गो?"

"गूळ."

"गूल? मांजरीला साकर हाय म्हनतेस ना?"

"अहो, एवढासा. आमटीला लागतोच की."

"आगो बाय माझे! बोंबलात गूल कोन घालतं?"

माझा हात तसाच राहिला. खरं सांगते, मी काही गोड घालते आहे हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. गोड म्हणजे लाडू, बासुंदी. आमटीतला गूळ हा आम्हाला मिठासारखा.

गूळ बंद केला. आठवड्याभरात नळीतला रंग हिरव्यावर आला, पंधराव्या दिवशी जवळजवळ निळा. बाबांनी नळी उजेडात धरली, खूश झाले. "बघ, पथ्य पाळलं की होतं. तुझ्या आईला किती सांगायचो. चोरून खायची."

आई देवाची शपथ घेऊन सांगायची की ती खात नाही. आम्ही दोघांनी तिची ट्रंक उचकली होती, उशीखाली हात घालून पाहिलं होतं. तिची नळी कधीच निळी झाली नाही. तिच्या आजारपणात शेवटची चार वर्षं आमटी मीच करत होते.

मी ते बाबांना सांगितलं. सांगताना मला हुंदका आवरेना. त्यांनी नळी जपून स्टँडला लावली.

"सुरुवातीला तिने केली होती बिनगुळाची," ते म्हणाले. "मीच ताट बाजूला सरकवलं."