म्हशीला ऑइलपेंट नसतो

गणू घरत खोटं ऐकून घेत नाही. गॅरेजवाल्याने असा नियम केला तर खरं म्हणजे त्याने उपाशी मरायला हवं. पण खांदा कॉलनीच्या मागच्या रस्त्यावर त्याचं गॅरेज चोवीस वर्षं उभं आहे, आणि शेजारचं माझं स्पेअर पार्ट्सचं दुकान त्याच्याच जिवावर चाललं आहे. ठोकलेली गाडी आली की बॉनेटला हात लावण्याआधी तो विचारतो, "कशी ठोकली?" गिऱ्हाईक सांगतं, कुत्रा आडवा आला. गिऱ्हाइकांवर विश्वास ठेवायचा तर पनवेलात कुत्री फक्त आडवीच चालतात. गणू मान डोलावतो, गाडीखाली जातो, बाहेर येऊन म्हणतो, "तुमी मोबाइल बघत होता." बहुतेक वेळा ते बरोबर निघतं. क्वचित नाही निघत, म्हणजे गिऱ्हाईक कबूल होत नाही, एवढंच.

मागच्या जानेवारीत क्रेनने एक जीप आणून टाकली. मागोमाग रिक्षातून निकेश भोपी उतरला, जवळच्या नेरे गावचा, सहा फूट उंच, कपाळाला पांढरी पट्टी. हा गणूचा होणारा जावई. लग्नाला नऊ दिवस होते आणि याच जीपमधून वरात निघायची होती.

"कशी ठोकली?" गणूने विचारलं. जावई झाला म्हणून प्रश्न बदलला नाही.

"मामा, शेतात शूटिंगला गेलतो. म्हस आडवी आली."

शूटिंग म्हणजे प्री-वेडिंग. हल्ली लग्नाआधी नवरा-नवरीने शेतातून गाडी उडवायची आणि वरून ड्रोनने ते टिपायचं, अशी रीत पडली आहे. कुठल्या पोथीत आहे कोण जाणे.

गणू वाकला. बंपर आत गेला होता, रेडिएटर फुटला होता, डावं चाक बाहेर बघत होतं. चेपलेल्या पत्र्यावरून त्याने बोट फिरवलं. बोटाला सिमेंटची भुकटी लागली आणि लाल रंग.

"म्हशीला ऑइलपेंट कोणी मारला?" तो म्हणाला.

निकेश कपाळावरची पट्टी चाचपायला लागला. विमानतळ यायचा म्हटल्यापासून नेऱ्याकडच्या लोकांचा मातीच्या बांधावरचा भरवसा उडाला आहे. हद्दीवर काँक्रीटचे खांब पुरतात, लाल रंग देतात. खांब उंच ठेवला तर शेजारी रातोरात सरकवतो, म्हणून गुडघ्याएवढाच ठेवतात आणि भोवती गवत वाढू देतात. निकेशच्या बापाने असे अकरा खांब पुरले होते. शेजाऱ्याला दिसू नये म्हणून पुरलेला खांब घरच्या गाडीला तरी कसा दिसणार?

निकेश गेल्यावर गणू माझ्या दुकानात येऊन बसला. चहा प्यायला नाही.

"शेठ, खांबाला ठोकली त्याचा राग नाय. माज्या तोंडावर खोटं बोलला. असल्या घरात पोरगी देऊ?"

मी म्हटलं, पत्रिका वाटून झाल्या आहेत. तो म्हणाला, वाटलेल्या पत्रिका लोक रद्दीत देतात. मला वाटलं रागात बोलतोय, पण संध्याकाळी त्याच्या बायकोचा, रंभाचा, फोन आला. गणूने हळदीचा मंडपवाला थांबवून ठेवला होता. ती रडत होती. पूर्वी, म्हणजे नवरी, न्हावा शेव्याच्या तिच्या ऑफिसातून येऊन खोलीत जाऊन बसली होती आणि जेवायला बाहेर येत नव्हती.

लग्न मोडायला निघालेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच जीपखाली शिरला. काम ते काम. गणूचा बाप उरणकडे मिठागरावर होता. मिठाचे वाफे काटकोनात यावेत म्हणून तो कोपऱ्यातून कोपऱ्यात दोरी ताणायचा. गणू चासी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, तशीच मोजतो. चासीच्या ठरलेल्या जागांवरून ओळंबा सोडायचा, जमिनीवर खडूने खूण करायची, आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोरी ताणून बघायची. दोन्ही दोऱ्या सारख्या भरल्या तर चासी सरळ. इथे एक दोरी दोन बोटं कमी भरली.

"डाव्या बाजूने दाबलीय. लोअर आर्म वाकला, टाय रॉड वाकला. दोन्ही नवे दे. स्टिअरिंगचा वाकलेला रॉड मी सरळ करत नाय, फेकून देतो."

मी काढून दिले. मग त्याने जीप जमिनीत गाडलेल्या लोखंडी खांबाला साखळीने बांधली आणि चेनपुलीने चासीचं टोक हळूहळू ओढायला घेतलं. जरा जास्तच ओढलं, कारण सोडल्यावर लोखंड थोडं मागे जातं. पुन्हा ओळंबा, पुन्हा दोरी. दुपारी तीन वाजता दोऱ्या सारख्या झाल्या.

नवे पार्ट बसवल्यावर स्टिअरिंग फिरवून बघायला तो ड्रायव्हरच्या सीटवर चढला आणि अडकला. गुडघे डॅशबोर्डला, पोट स्टिअरिंगला. सीट पार पुढे ओढलेली होती. ठोकल्यापासून त्या सीटवर कोणी बसलंच नव्हतं.

तो तसाच अडकून बसला. मग मला हाक मारली.

"शेठ, ही काच बघ."

डाव्या सीटसमोरच्या काचेला आतून गोल तडा गेला होता, बरोबर कपाळाच्या उंचीवर.

"चालवणाऱ्याचं डोकं डाव्या काचेला कसं लागतं?" तो म्हणाला. "आणि सहा फुटाचा माणूस ही सीट लावून बसतो कसा?"

उत्तर दोघांनाही ठाऊक होतं. पूर्वी पाच फूट एक इंच आहे. गणूने तिला आजवर गाडीच्या चावीला हात लावू दिलेला नाही. रोज फुटलेल्या गाड्या बघणाऱ्या बापाचं तसं होत असेल. ती बसने ऑफिसला जाते आणि बस चुकली तर तो स्कूटरवर सोडतो. म्हणजे चालवत होती ती आणि नाव घेतलं म्हशीचं. निकेशने तर ड्रोनवाल्याला व्हिडिओसुद्धा पुसायला लावला होता, हे मला नंतर कळलं.

गणूने मंडपवाल्याला फोन करून कामाला लागायला सांगितलं. मला तो एकदम म्हातारा दिसला आणि त्याची कीव आली.

लग्नाच्या तीन दिवस आधी जीप तयार झाली. ट्रायल घ्यायची होती. गणू घरून पूर्वीला घेऊन आला, तिच्या हातात हळदीची पिशवी तशीच. त्याने तिच्यापुढे चावी धरली.

"बस."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी नवे पार्ट वाजतात का ते ऐकायच्या निमित्ताने मागे चढलो. गणू डावीकडे बसला. त्या बाजूला बसायची त्याला सवय नव्हती. हात कुठे ठेवावेत ते कळेना, आणि पायाने नसलेला ब्रेक दोनदा दाबला. नेऱ्याच्या रस्त्यावर पूर्वीने स्टिअरिंग क्षणभर सैल सोडलं. जीप सरळ गेली.

"कोणी शिकवली?"

"निकेशने. सा महिने झाले."

"मला सांगितलं का नाय?"

"सांगितलं असतं तर तुमी आयकलं असतं?" तिने गिअर बदलला. "मी गाडीला घाबरत नाय बाबा. तुमाला घाबरते."



"नाय," तो म्हणाला. "नसतं आयकलं."

नेरे फाट्यावरून मागे वळायचं ठरलं होतं. फाटा आला. पूर्वीने त्याच्याकडे पाहिलं. वळ म्हणायच्या ऐवजी त्याने बोटाने पुढचा रस्ता दाखवला.